कायद्याच्या नावात सीडीवाला आहे, गाणं लाटणारा नाही

महाराष्ट्रात १९८१ सालचा एक कायदा आहे. पोलीस आणि पत्रकार त्याला एमपीडीए म्हणतात. त्याचं पूर्ण मराठी नाव एका दमात वाचून होत नाही, पण एकदा वाचायलाच हवं. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती, वाळू तस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणाऱ्या व्यक्ती, अशा सगळ्यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्यासाठी हा कायदा आहे.

या यादीतली पाचवी मंडळी कोण? इंग्रजी नावात त्यांना सरळ ‘व्हिडिओ पायरेट’ म्हटलं आहे. म्हणजे फुटपाथवर सिनेमाच्या चोरट्या सीडी विकणारा, मोबाइल रिचार्जच्या टपरीवर पेन ड्राइव्ह भरून देणारा, गल्लीतला केबलवाला. मूळ कायद्यात हा माणूस नव्हता. २००९ च्या दुरुस्तीने तो हातभट्टीवाल्याच्या रांगेत आला. तमिळनाडूने त्याच्या आधी, २००४ मध्येच, आपल्या १९८२ च्या गुंडा कायद्यात त्याला घातलं होतं. कर्नाटकच्या अशाच कायद्याच्या नावात व्हिडिओबरोबर ऑडिओ पायरेटही आहे.

या रांगेत येण्याचा अर्थ नीट समजून घ्या. साध्या फौजदारी गुन्ह्यात एफआयआर होतो, कोर्टापुढे उभं करतात, जामीन मागता येतो, साक्षीपुरावे तपासले जातात. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत यातलं काही नाही. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतो आणि माणूस एक वर्षापर्यंत आत राहू शकतो. खटला चालत नाही. प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं, पण तिथे वकील उभा करण्याचा हक्क त्याला नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. हे नाव कृत्यांची यादी देऊन थांबत नाही, ते माणसांचे प्रकार मोजतं. असा मोजणारा कायदा आपल्या लोकांना नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात चोर ठरवलं. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. नाचणाऱ्या-गाणाऱ्या, खेळ करून पोट भरणाऱ्या काही जमातीही त्या यादीत होत्या. त्यांची गाणी पुढे सिनेमात गेली, माणसं मात्र पोलीस ठाण्यात हजेरी लावत राहिली. आजही तुरुंगात कोण आहे ते सरकारी आकडेच सांगतात. २०१९ च्या तुरुंग आकडेवारीत शिक्षा भोगणाऱ्यांपैकी २१.७ टक्के अनुसूचित जातींचे होते. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत त्यांचा वाटा १६.६ टक्के आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. कॉपीराइटच्या कायद्याला दोन बाजू आहेत. एक बाजू मालकाचा माल राखते, दुसरी कलाकाराचा वाटा राखते. मनोरंजन उद्योगाने सरकारदरबारी वजन वापरून पहिल्या बाजूमागे पोलीस, तुरुंग आणि स्थानबद्धता उभी केली. दुसऱ्या बाजूला त्याच उद्योगाने वर्षानुवर्षं कोर्टात झुलवलं. त्यामुळे आज खालून वर होणाऱ्या नकलेला चोरी म्हणतात आणि वरून खाली होणाऱ्या लुटीला करार म्हणतात.

आधी पहिली बाजू पाहू. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं ठरवलं. एवढ्यावर भागलं नाही. २० जुलै २०२३ रोजी चलच्चित्र कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. संसद तेव्हा मणिपूरवरून पेटलेली होती. २७ जुलैला ते राज्यसभेत आणि ३१ जुलैला लोकसभेत मंजूर झालं. २०१९ मध्ये आधीचं एक विधेयक आलं होतं हे खरं, पण नवं बारा दिवसांत पार पडलं. आता चोरून चित्रण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे. वरची मर्यादा तीन वर्षं कैद आणि सिनेमाच्या लेखापरीक्षित निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड. शंभर कोटींचा सिनेमा असेल तर पाच कोटी. टपरीवाल्याच्या सात पिढ्या फेडतील.

या कायद्याचं समर्थन करताना सरकारने आकडा दिला: पायरसीमुळे उद्योगाचा दरसाल २० हजार कोटींपर्यंत तोटा. २०२४ मध्ये इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया आणि ईवाय यांच्या अहवालाने २०२३ सालापुरता तो २२,४०० कोटींवर नेला. माझा प्रश्न साधा आहे. फुकट पाहिलेला प्रत्येक सिनेमा म्हणजे बुडालेलं तिकीट, असं धरायचं का? एकशे चाळीस कोटींच्या देशात सिनेमाचे पडदे दहा हजारांच्या आसपास. तालुक्याची थिएटरं बंद पडून तिथे मंगल कार्यालयं आणि गोडाऊनं झाली. वसतिगृहातला जो पोरगा मेसचे पैसे वाचवून फॉर्म भरतो, तो काही मल्टिप्लेक्सचं तिकीट सोडून मोबाइलवर सिनेमा बघत बसलेला नाही. त्याच्या नावावर तोटा लिहायचा आणि तो तोटा दाखवून त्याच्याच वस्तीतल्या टपरीवाल्याला उचलायचं, हा हिशेब कुणाचा?

आणि दुसरा हिशेब कुठे आहे? शाहिरांचे, गायकांचे, ढोलकीवाल्यांचे किती पैसे बुडाले, यावर एखाद्या बड्या सल्लागार कंपनीने काढलेला अहवाल माझ्या पाहण्यात नाही.

ही झाली दुसरी बाजू. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सिनेमासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या गीतावर आणि संगीतावर, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचाच हक्क. त्याच निकालाच्या शेवटी न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी खंत नोंदवली की गाणाऱ्याला तर आपला कायदा ओळखतच नाही. गायक-वादकांचे हक्क कायद्यात यायला १९९४ उजाडलं. गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा न सोडता येणारा वाटा मिळायला २०१२ उजाडलं. ती दुरुस्ती व्हावी म्हणून जावेद अख्तर राज्यसभेत झगडले. तिच्यानुसार गाणं थिएटरबाहेर कुठेही वाजलं, म्हणजे रेडिओ, टीव्ही, मोबाइल, तर कवी आणि संगीतकाराला मालकाच्या बरोबरीने वाटा मिळायला हवा. करारात ‘मी हा हक्क सोडतो’ असं लिहून घेतलं तरी ते रद्दबातल ठरतं.

या दुरुस्तीला म्युझिक उद्योगाने काय उत्तर दिलं? तिच्या घटनात्मक वैधतेलाच कोर्टात आव्हान. गाणं रेडिओवर वाजल्यावर गीतकार-संगीतकाराला वेगळे पैसे द्यावेच लागतील, असं मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओ कंपन्यांना सुनावलं ते एप्रिल २०२३ मध्ये, कायद्यानंतर अकरा वर्षांनी आणि तेही अंतरिम आदेशात. बारा दिवस आणि अकरा वर्षं. कोणत्या बाजूची कुणाला घाई होती, ते यावरून कळतं.

जावेद अख्तर यांचं नाव तरी गाण्यावर होतं. ज्याचं नावच नाही, त्याचं काय?

रेकॉर्डवर, कॅसेटवर आणि आता यूट्यूबच्या वर्णनात एक शब्द असतो: ‘पारंपरिक’. हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. परंपरा म्हणजे कुणाची? हलगी कुणी वाजवली, जात्यावर कोण बसलं होतं, पोतराजाच्या अंगावर कुणाचा आसूड पडत होता? ‘पारंपरिक’ म्हटलं की माणूस पुसला जातो, जात पुसली जाते आणि माल बेवारस होतो. लोकगीताला आपल्या कॉपीराइट कायद्यात मालक नाही. पण त्याच लोकगीताचं स्टुडिओत केलेलं ध्वनिमुद्रण आणि त्यावर चढवलेली नवी संगीतरचना यांना मात्र मालक आहे. म्हणजे विहीर गावाची आणि बाटली कंपनीची.

२०२० सालचं ‘गेंदा फूल’ आठवा. बादशाहचं गाणं, सोनी म्युझिकचं प्रकाशन, कोट्यवधी प्रेक्षक. त्यातल्या बंगाली ओळी बीरभूमचे लोकगायक रतन काहार यांच्या सत्तरच्या दशकातल्या गाण्याच्या. बंगालमधून ओरड झाली तेव्हा बादशाह म्हणाला की जुन्या नोंदींत ते गाणं लोकगीत म्हणूनच दिसतं, काहार यांचं नाव कुठेही नाही. त्याचं म्हणणं खरं मानू या. मग तर प्रश्न अधिकच मोठा होतो. जिवंत माणसाने लिहिलेलं गाणं त्याच्या डोळ्यांदेखत नोंदवहीत ‘पारंपरिक’ झालं कसं? पुढे बादशाहने त्यांना पाच लाख रुपये दिले. २०२४ मध्ये सरकारने काहार यांना पद्मश्री दिली. देणगी मिळाली, सन्मान मिळाला. हक्काची रॉयल्टी ही तिसरीच गोष्ट असते.

नाव असूनही काय होतं ते तमिळ रॅपर अरिवूने पाहिलं. मार्च २०२१ मधलं ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणं त्याच्या आजीच्या, श्रीलंकेच्या मळ्यांत राबलेल्या भूमिहीन दलित बाईच्या आठवणींतून आलं. शब्द त्याचे, आवाजही त्याचा. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठाने त्या गाण्याचं कौतुक केलं आणि अरिवूलाच वगळलं. पा. रंजित यांनी जाहीर आवाज उठवल्यावर त्याचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ आलं. मार्च २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी सांगितलं की या गाण्यातून कलाकारांना आजवर एक पैसाही मिळालेला नाही. लेबलने हा आरोप नाकारला. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. पण कोट्यवधी वेळा वाजलेल्या गाण्याचा हिशेब कलाकाराला कॅमेऱ्यासमोर येऊन मागावा लागतो, ही काही निकोप व्यवस्था नव्हे. त्याच गाण्याची पेन ड्राइव्हवर नक्कल करणाऱ्यासाठी मात्र पोलिसांना वॉरंटही लागत नाही.

आता घरातलं. आमच्या तालुक्यात भीमगीतांची एक जुनी गायन पार्टी होती. पार्टीच्या बुवांनी कॅसेटच्या काळात मुंबईच्या एका कंपनीसाठी दोन कॅसेटी केल्या. एकरकमी पैसे मिळाले, त्यात साथीदारांचे वाटे आणि एसटीचं भाडं गेलं. इंग्रजीत टाइप केलेल्या कागदावर सही झाली. त्या कागदाची प्रत बुवांकडे कधीच नव्हती. काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलला आमच्या पोरांनी जयंतीचा कार्यक्रम यूट्यूबवर टाकला. बुवांचा मुलगा वडिलांचं गाणं गात होता. दोन दिवसांत व्हिडिओवर त्या कंपनीचा दावा आला. गाणारा आमचा, ढोलकी आमची, मांडव वर्गणीचा आणि जाहिरातीचे पैसे कंपनीचे. पोरांनी फॉर्म उघडला, त्यावरचा कायदेशीर इशारा वाचला आणि घाबरून बंद केला.

ही यंत्रणा कशी चालते ते पदवीधरांनी तरी समजून घ्यावं. यूट्यूबची कंटेंट आयडी व्यवस्था प्रत्येक व्हिडिओ कंपन्यांनी दिलेल्या ठशांशी ताडून पाहते. ठसे देण्याची सोय मोठा साठा असलेल्या मालकांनाच मिळते, गावातल्या शाहिराला नाही. जुळलं की व्हिडिओ अडवायचा की त्याचे पैसे घ्यायचे, हे मालक ठरवतो. हरकत घेता येते, पण पहिला निकाल दावा करणारीच कंपनी देते. अपील केलं आणि कंपनी अडून बसली तर स्ट्राइक येऊ शकतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनल बंद. यूट्यूबनेच दिलेल्या आकड्यांनुसार २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटींहून जास्त दावे झाले. हरकती आल्या फक्त २२ लाखांच्या आसपास. त्यातल्या सुमारे ६० टक्के हरकती व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने सुटल्या. म्हणजे जे भांडले त्यांच्यातले बहुतेक जिंकले. पण भांडलं कोण? ज्याला फॉर्म वाचता येतो आणि ज्याच्या ओळखीत वकील आहे तो.

आता मुदतीकडे वळू, कारण ही जखम थेट आपल्या काळजाला आहे. १९५७ च्या कायद्यात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं होता. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले. त्यांचं साहित्य १९९१ अखेर मुक्त होणार होतं. विश्वभारतीकडचे हक्क संपू नयेत म्हणून मुदत साठ वर्षांवर नेली गेली आणि १९९२ मध्ये तसा कायदा झाला. एका संस्थेची अडचण, पण मुदत वाढली सगळ्यांची. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं. जुन्या हिशेबाने त्यांचे ग्रंथ १ जानेवारी २००७ ला सर्वांचे झाले असते. ते झाले १ जानेवारी २०१७ ला. ती दहा वर्षं ‘जातिप्रथेचं विध्वंसन’ छापायला कायद्याने परवानगी लागत होती. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांचे ठेले मांडणाऱ्या आपल्या लहान प्रकाशकांना विचारा, दहा वर्षं म्हणजे काय.

अमेरिकेत मनोरंजन कंपन्यांनी रेटा लावून १९९८ मध्ये मुदत आणखी वीस वर्षांनी वाढवून घेतली. आता तिथल्या उद्योगांची आघाडी भारतानेही मुदत वाढवावी म्हणून अमेरिकी सरकारकडे अर्ज करत असते, आणि अमेरिकी सरकार आपल्या वार्षिक अहवालात भारताला ‘प्राधान्याने नजर ठेवण्याच्या’ यादीत टाकत असतं. हीच अमेरिका १८९१ पर्यंत परदेशी लेखकांचा कॉपीराइट मानत नव्हती. इंग्रजी पुस्तकं फुकट छापून तिने आपला वाचक घडवला आणि मोठी झाल्यावर शिडी ओढून घेतली. तिच्या मागणीप्रमाणे आपल्याकडे मृत्यूनंतर सत्तर वर्षांची मुदत असती तर बाबासाहेब २०२६ अखेरपर्यंत कुलपात राहिले असते. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. आजच्या कायद्याने त्यांचं साहित्य २०३० च्या पहिल्या दिवशी सर्वांचं होईल. सत्तरची मागणी मान्य झाली तर आणखी दहा वर्षं थांबा.

आता समोरून येणारा प्रश्न. आपल्यातली पोरंही सिनेमे करतात, त्यांचं काय? ‘सैराट’ २०१६ मध्ये आला आणि काही दिवसांतच त्याची चोरटी प्रत फिरली. नागराज मंजुळेंचं नुकसान ते नुकसान नाही का? आहे. पायरसीला मी क्रांती म्हणत नाही. चोरट्या वेबसाइटी चालवणारे काही गरिबांचे कैवारी नाहीत. ते जुगाराच्या जाहिरातींवर कमावतात. प्रत फोडणाऱ्याला शोधा, खटला भरा, भरपाई घ्या. पण खटला भरा. खटल्याविना वर्षभर डांबून ठेवणं हा सिनेमा वाचवण्याचा उपाय नव्हे. आणि बहुजन दिग्दर्शकाच्या सिनेमाचं नाव पुढे करून जो कायदा मागितला जातो, त्याचा फायदा शेवटी हक्क ज्याच्या कपाटात आहेत त्याला मिळतो. तो दिग्दर्शक असतोच असं नाही. ढोलकीवाला तर कधीच नसतो.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू या. एक, स्थानबद्धतेच्या कायद्यांतून व्हिडिओ पायरेट काढून टाका. कॉपीराइटचा वाद सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न नाही. दोन, ‘पारंपरिक’ हा शब्द एकटा चालणार नाही. गाणं कुणाकडून, कोणत्या गावातून, कोणत्या समाजाकडून घेतलं ते लिहा आणि त्या कमाईचा वाटा त्यांना द्या. तीन, रॉयल्टीचा हिशेब कलाकाराला त्याच्या भाषेत आणि वेळेवर द्या, न देणाऱ्याला दंड करा. चार, कॉपीराइटची मुदत एका दिवसानेही वाढवू नका.

मागण्या मान्य होईपर्यंत हातात काही नाही असं समजू नका. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर साठ लाखांचा दावा ठोकला. विद्यार्थी संघटना करून त्या खटल्यात उतरले. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठीच्या झेरॉक्सचा हक्क मान्य केला, डिसेंबरमध्ये खंडपीठाने तो तत्त्वतः कायम ठेवला आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तो खटला पुस्तकांचा होता, पण कायदा हाच होता.

तेव्हा घरातला पहिला पदवीधर म्हणून तुमच्या वाट्याला आलेलं काम सांगतो. आपल्या गावातल्या, वस्तीतल्या शाहिरांची वही शोधा. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, पहिल्यांदा कुठे गायलं, ते तारखेसह लिहून ठेवा. कॉपीराइट रचना झाल्याक्षणी निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वादात नोंदणी पुरावा म्हणून कामी येते आणि गीताच्या किंवा चालीच्या नोंदणीचं शुल्क पाचशे रुपये आहे. गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद त्यांचे वारसही होऊ शकतात. कवी हयात नसेल तर त्याच्या मुलीचा अर्ज भरून द्या. कंपनीने केलेला जुना करार मागवा आणि वाचा. जयंतीच्या व्हिडिओवर खोटा दावा आला तर फॉर्म बंद करू नका, एलएलबी झालेल्या मित्राला बोलवा आणि हरकत घ्या. बुवांच्या मुलाने ती अजून घेतलेली नाही. येत्या रविवारी आम्ही तिघं त्याच्या घरी बसून फॉर्म भरणार आहोत.

जय भीम.